आधीचा आजार कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेत आरोग्यविमा महाग आहे, हे आता सांगली-सोलापुरातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ज्याचा मुलगा किंवा पुतणी तिकडे आहे, त्याने ते फोनवर कितीदा तरी ऐकलेले असते. पण या महागाईला कंटाळून दहा लाखांहून अधिक माणसांनी तिथे विम्याला रामराम ठोकला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. ही माणसे एखाद्या संस्थेची सदस्य होतात, दरमहा ठरलेली रक्कम भरतात, आणि कोणी आजारी पडले की सगळ्यांच्या पैशातून त्याचे बिल भागवले जाते. या संस्थांना 'हेल्थ केअर शेअरिंग मिनिस्ट्री' म्हणतात. त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती श्रद्धेवर उभ्या आहेत, अलीकडे धर्माची अट नसलेल्याही निघाल्या आहेत. महिन्याची रक्कम विम्याच्या हप्त्यापेक्षा बरीच कमी असते. कधी कधी ती निम्म्यावरही येते.

एवढे स्वस्त परवडते कसे, याचे उत्तर जाहिरातीत 'परस्पर साहाय्य' असे असते. नियमपुस्तिका उघडली की दुसरे उत्तर सापडते. अर्जदाराला आधीपासून कोणता आजार आहे, त्याची शेवटची गोळी कधी घेतली, शेवटची तपासणी कधी झाली, आणि तो आजार पुन्हा उद्भवला तर पैसे मिळणार की नाही, यावर त्या पुस्तिकेची पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. या योजनांचे सारे अर्थकारण त्या पानांवर तोललेले आहे. म्हणून आधीपासूनच्या आजाराचे त्या नेमके काय करतात, कायदा त्यांना ते का करू देतो, आणि त्यांनी नाकारलेला आजार पुढे कोणाच्या खात्यावर जातो, हे क्रमाने पाहायला हवे.

चर्च, टपाल आणि चेक

परस्पर मदतीची ही परंपरा जुनी आहे. आमिश आणि मेनोनाइट पंथांत आजारपणाचा, आगीचा, अपघाताचा खर्च मंडळींनी वाटून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आजच्या योजनांचा उगम मात्र १९८० च्या दशकातला. १९८१ मध्ये ओहायो राज्यात 'ख्रिश्चन ब्रदरहूड न्यूजलेटर' नावाचे पत्रक निघाले. आजारी सदस्यांची बिले त्यातून इतरांपर्यंत पोचत. आज तीच संस्था 'ख्रिश्चन हेल्थकेअर मिनिस्ट्रीज' म्हणून ओळखली जाते. १९९३ मध्ये फ्लोरिडात 'मेडी-शेअर' आणि १९९४ मध्ये इलिनॉयमध्ये 'समॅरिटन मिनिस्ट्रीज' सुरू झाली.

समॅरिटनची मूळ पद्धत पाहण्यासारखी आहे. पैसा संस्थेच्या तिजोरीत जमा होत नाही. महिन्याच्या सुरुवातीला सदस्याला कळवले जाते, की या महिन्याचा तुमचा वाटा अमुक राज्यातल्या अमुक कुटुंबाला पाठवा. सदस्य चेक लिहितो, सोबत शुभेच्छांचे कार्ड ठेवतो, चार ओळी प्रार्थनेच्या लिहितो आणि पाकीट टपालात टाकतो. तिकडे गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या बाईच्या दारी महिनाभर अनोळखी माणसांची पाकिटे येत राहतात. विमा कंपनीच्या छापील पत्रापुढे हा अनुभव माणसाला किती जवळचा वाटत असेल, हे समजण्यासारखे आहे. या योजनांवर टीका करणाऱ्यांनी हा जिव्हाळा नजरेआड केला, तर लोक तिकडे का जातात हे त्यांना उमगणार नाही.

पण चेक लिहिण्याआधी एक पायरी असते. कोणाचे बिल वाटपाला पात्र आणि कोणाचे नाही, हे नियमपुस्तिका ठरवते. तिथे कार्ड आणि प्रार्थना चालत नाहीत, तारखा चालतात.

कायद्याने ठेवलेली फट

२०१० च्या आधी अमेरिकेत वैयक्तिक विमा घेणाऱ्याला कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार तर सोडाच, गर्भारपणही नकाराला पुरेसे असे. पॉलिसी दिल्यावर मोठे बिल आले की जुने कागद उकरून ती रद्द करण्याची चालही होती. २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने केलेल्या चौकशीत, तीन बड्या कंपन्यांनी पाच वर्षांत सुमारे २०,००० पॉलिसी अशा रद्द करून ३० कोटी डॉलर वाचवल्याचे उघड झाले.

बराक ओबामांच्या काळात २०१० मध्ये झालेल्या 'अफोर्डेबल केअर अॅक्ट'ने हे थांबवले. १ जानेवारी २०१४ पासून आधीच्या आजारामुळे कोणाला विमा नाकारता येत नाही, जादा हप्ता घेता येत नाही, त्या आजाराचा खर्च वगळता येत नाही. त्याचबरोबर प्रत्येकाने विमा घ्यावा, नाहीतर दंड भरावा, अशी सक्तीही आली. आजारी माणूस आत यायचा असेल तर निरोगी माणूसही आत हवा, असा तो हिशेब होता.

याच कायद्यात खर्चवाटप संस्थांच्या सदस्यांना दंडातून सूट मिळाली. तिला अटी होत्या. संस्था ३१ डिसेंबर १९९९ पासून अखंड चालू असावी, ती ना-नफा असावी, सदस्यांची नैतिक वा धार्मिक श्रद्धा समान असावी, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे. आणखी एक अट आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे. सदस्याला पुढे आजार जडला, तरी त्याचे सदस्यत्व टिकले पाहिजे.

ही अट नीट वाचायला हवी. आत आलेल्याला आजारी पडल्यावर बाहेर काढू नका, एवढेच ती सांगते. आजार घेऊन येणाऱ्याला आत घ्या, असे ती म्हणत नाही. त्याचे सदस्यत्व टिकवून त्याच्या आजाराचा खर्च नाकारला, तरी अट मोडत नाही. विमा कंपन्यांना जे बंद झाले, ते या संस्थांना खुले राहिले. सुमारे ३० राज्यांनी तर या योजना विमा कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत असे कायदे केले. केंटकीत गंमत झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मेडी-शेअर हा विमाच आहे असा निवाडा दिला, आणि २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून योजनेला पुन्हा वाट करून दिली.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०१७ च्या करकायद्याने विम्याच्या सक्तीचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला, त्यामुळे दंडातून सुटकेचे आकर्षण संपले. किमतीचे आकर्षण उरले. कायद्याआधी या योजनांचे सदस्य दोन लाखांच्या आसपास होते. दशक संपेपर्यंत ते दहा लाखांच्या पुढे गेले. विम्याच्या हप्त्यासाठीच्या सरकारी अनुदानाला जे किंचित अपात्र ठरतात, स्वतःचा धंदा करतात, चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांना बाजारातला विमा फार जड जातो. २०२१ पासून वाढवलेले अनुदान २०२५ च्या अखेरीस संपले. त्यामुळे हे लोक पुन्हा एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसले आहेत.

दाराशी होणारी छाननी

आधीच्या आजाराबाबत या योजनांच्या तीन-चार रीती आहेत. आकडे आणि अटी दरवर्षी बदलत असतात, पण साचा सहसा तोच राहतो.

पहिली रीत कोऱ्या काळाची. ठरावीक काळ लक्षण नाही, उपचार नाही, औषध नाही, असे गेले तरच तो आजार 'जुना' राहत नाही. समॅरिटनच्या नियमांत साध्या आजारांना हा काळ १२ महिने आणि कर्करोग, हृदयविकार यांसारख्यांना पाच वर्षे असा राहिला आहे. मोडलेल्या हाडाला किंवा बऱ्या झालेल्या अल्सरला ही रीत न्याय्य वाटते. मधुमेहाला, थायरॉइडला, दम्याला ती लागूच पडू शकत नाही, कारण तिथे औषध बंद करणे म्हणजेच आजार ओढवून घेणे. गोळी वेळेवर घेणाऱ्या शिस्तीच्या रुग्णाचा काळ कधीच कोरा होत नाही.

दुसरी रीत पायऱ्यांची. ख्रिश्चन हेल्थकेअर मिनिस्ट्रीजच्या 'गोल्ड' योजनेत जुन्या आजारासाठी पहिल्या वर्षी १५,००० डॉलर, दुसऱ्या वर्षापर्यंत एकूण २५,००० आणि तिसऱ्यापर्यंत ५०,००० अशी मर्यादा बरीच वर्षे चालली. त्यानंतर तो आजार जुना मानत नाहीत. धर्माची अट नसलेल्या 'झायन हेल्थ'च्या नियमांत पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी २५,०००, तिसऱ्या वर्षी ५०,००० आणि पुढे १,२५,००० डॉलर अशी शिडी आली. तीन वर्षे धीर धरणाऱ्याला ही रीत खरोखर आत घेते. प्रश्न त्या तीन वर्षांचा आहे.

तिसरी रीत अपवादांची. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल गोळीने ताब्यात असतील आणि वर्षभरात त्यापायी इस्पितळ गाठावे लागले नसेल, तर काही योजना त्यांना जुना आजार धरत नाहीत. पन्नाशीच्या निम्म्या अमेरिकेला रक्तदाब आहे म्हटल्यावर हा उदारपणा धंद्यालाही आवश्यकच आहे. काही ठिकाणी वजन किंवा साखर जास्त असलेल्या सदस्याला आरोग्य-मार्गदर्शक घ्यावा लागतो आणि त्याचे दरमहा वेगळे पैसे भरावे लागतात.

चौथी रीत गर्भारपणाची. दिवस गेल्यावर सदस्य झालेल्या बाईचे बाळंतपण बहुतेक योजना वाटून घेत नाहीत. काहींनी तर प्रसूतीची अपेक्षित तारीख सदस्यत्वानंतर किमान ३०० दिवसांनी असावी असा नियम केला. नोकरीतून मिळणाऱ्या सामूहिक विम्यात गर्भारपणाला जुना आजार म्हणायला १९९६ च्या कायद्यानेच बंदी घातली होती, हे इथे आठवते.

या साऱ्यांतून जो निसटतो त्याच्यासाठी जुन्या ख्रिस्ती संस्थांत आणखी एक जागा असते. नियमात न बसलेली बिले मासिकाच्या वेगळ्या पानावर छापली जातात, आणि ज्याला वाटेल त्याने नेहमीच्या वाट्याखेरीज यथाशक्ती पाठवावे असे आवाहन केले जाते. अनेकांची बिले अशी भागलीही आहेत. पण केमोथेरपीचे वेळापत्रक अशा आवाहनाच्या भरवशावर आखता येत नाही.

बिल आल्यावर उघडणारी फाईल

विमा आणि खर्चवाटप यांतला खरा फरक अर्ज भरताना कळत नाही, बिल आल्यावर कळतो. अर्जाच्या वेळी बहुतेक योजना वैद्यकीय कागद मागत नाहीत. चार प्रश्न, सही आणि सदस्यत्व. छाननी होते ती मोठा खर्च समोर आल्यावर.

समजा, टेक्सासमध्ये स्वतःचा छोटा व्यवसाय करणारा ५२ वर्षांचा गृहस्थ आहे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. सदस्य होऊन आठवा महिना, आणि एके पहाटे छातीत कळ. अँजिओग्राफी, दोन स्टेंट, तीन दिवस आयसीयू. बिल ९०,००० डॉलर. योजनेचे कार्यालय त्याच्या जुन्या डॉक्टरकडून मागच्या काही वर्षांच्या नोंदी मागवते. त्यांत दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरने एक ओळ खरडलेली असते: जिना चढताना अधूनमधून छातीत जड वाटते, ईसीजी ठीक, लक्ष ठेवावे. गृहस्थ ती ओळ विसरूनही गेलेला असतो. पित्त असेल म्हणून त्याने अँटासिड घेतले होते.

आता ठरवायचे ते एवढेच, की ती ओळ हे हृदयविकाराचे लक्षण होते का. बऱ्याच नियमपुस्तिकांत निदान झालेले नसले तरी लक्षण जाणवले असेल तर आजार जुना ठरतो. पाच वर्षांच्या कोऱ्या काळाचा नियम असेल तर हाती काही नाही. १५,००० ची पायरी असेल तर ७५,००० डॉलर त्याच्या डोक्यावर. एक ओळ, आणि तिचा अर्थ लावणार कोण, तर ज्या संस्थेला पैसे द्यायचे आहेत तीच.

विमाधारकाला अशा वेळी कंपनीबाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडे फेरतपासणी मागण्याचा कायदेशीर हक्क असतो, आणि राज्याच्या विमा आयुक्ताकडे तक्रारही करता येते. खर्चवाटपात अपील जाते ते सदस्यांच्याच एखाद्या पंचमंडळाकडे, आणि पुढे लवादाकडे. कोर्टाचे दार बहुतेक वेळा अर्जावरच्या सहीने बंद झालेले असते. शिवाय मूळ करारातच स्पष्ट लिहिलेले असते, की हा विमा नाही आणि बिल भरलेच जाईल अशी हमी नाही. भिशीत पाळी आली की रक्कम मिळते, तिथे कोणी मागची फाईल उघडत नाही. इथे पाळी आली की फाईल उघडते.

त्या गृहस्थाला मग कायद्याने दिलेला खुल्या बाजारातला विमा आठवतो. तो त्याला नाकारला जाणार नाही हे खरे. पण त्याची नोंदणी वर्षातून एकदाच, १ नोव्हेंबरपासून काही आठवडे खुली असते. नोकरी गेली, विमा संपला, लग्न झाले, तर मध्येही दार उघडते. खर्चवाटपाचे सदस्यत्व सुटले तर उघडत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो विमा नव्हताच. मार्चमध्ये निदान झालेल्याला जानेवारीपर्यंत वाट पाहावी लागते.

स्वस्ताई येते कुठून

योजनांचे पाठीराखे सांगतात, की आमचे सदस्य धूम्रपान करत नाहीत, दारू बेताने घेतात, किरकोळ खर्च स्वतः सोसतात, डॉक्टरांशी रोखीचा भाव ठरवतात, म्हणून आमचा खर्च कमी. यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या छापील दरांत आणि रोख दरांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि घासाघीस करणाऱ्याला त्याचा लाभ मिळतोच.

पण मोठा वाटा दारावरच्या छाननीचा आहे. आरोग्यखर्चाचे गणित सगळीकडे सारखेच तिरपे असते. थोडे लोक पुष्कळ खर्च करतात आणि पुष्कळ लोक थोडा. ते थोडे लोक दाराबाहेर राहिले की आतल्यांचा वाटा आपोआप उतरतो. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०१६ च्या अंदाजानुसार, ६५ वर्षांखालच्या प्रौढ अमेरिकनांपैकी २७ टक्के, म्हणजे सुमारे ५ कोटी २० लाख लोकांना असे आजार होते की जुन्या पद्धतीत त्यांना वैयक्तिक विमा मिळाला नसता. ही माणसे आजही आहेत, आणि त्यांना बाजारातला विमा घेतो. म्हणजे खर्चवाटप योजना स्वस्त राहतात त्या शेजारी सगळ्यांना घेणारी व्यवस्था उभी आहे म्हणून. सदस्य निरोगी असेपर्यंत इकडे भरतो, दुर्धर आजार निघाला आणि इकडे भागेना की पुढच्या नोव्हेंबरात तिकडे जातो. त्याच्या निरोगी वर्षांचे पैसे मात्र तिकडे कधी जमा झालेले नसतात. तिकडचा हप्ता त्यामुळे वाढतो, आणि वाढलेला हप्ता आणखी निरोगी माणसांना इकडे ढकलतो.

अर्थशास्त्रात हे कोडे जुने आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात म्हाताऱ्यांना आरोग्यविमा का मिळत नाही याचाही उलगडा केला होता. हप्ता वाढला की निरोगी निघून जातात, आजारी उरतात, म्हणून हप्ता आणखी वाढतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

करून पाहिलेले इतर उपाय

जुन्या आजाराचे काय करायचे, यावर अमेरिकेने चार दशके प्रयोग केले. १९९३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने विमा कंपन्यांना सगळ्यांना घ्यायला लावले. विम्याची सक्तीही ठरली होती, पण ती दोन वर्षांत रद्द झाली, सगळ्यांना घेण्याचा नियम तेवढा उरला. लोक आजारी पडल्यावर विमा घेऊ लागले, आणि १९९९ पर्यंत राज्याच्या बहुतेक भागात नवी वैयक्तिक पॉलिसी विकायला कोणी तयार होईना.

दुसरा प्रयोग नाकारलेल्यांसाठी वेगळा निधी करण्याचा. १९७६ मध्ये मिनेसोटा आणि कनेटिकटपासून सुरुवात होऊन ३५ राज्यांत असे निधी झाले. पण हप्ते भारी, निधी अपुरा, आणि ज्या जुन्या आजारामुळे माणूस तिथे आला त्याच आजाराला बहुतेक ठिकाणी सहा ते बारा महिने थांबायची अट. सगळे मिळून सभासद सव्वादोन लाखांच्या आसपासच राहिले. २०१० च्या कायद्याने मधल्या काळासाठी केंद्राचा असाच निधी ५ अब्ज डॉलर देऊन उभा केला. पैसा संपत आल्याने २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची नवी नोंदणी थांबवावी लागली.

या प्रयोगांतून एक गोष्ट ठसठशीतपणे दिसते. आजारी माणसाला घ्यायचे असेल तर त्याचा खर्च निरोगी माणसाने हप्त्यातून उचलावा किंवा सरकारने करातून. तिसरी वाट म्हणजे तो खर्च आजारी माणसानेच उचलावा. खर्चवाटप योजना जुन्या आजारापुरती ही तिसरी वाट धरतात. सदस्यांची एकमेकांशी बांधिलकी असते, पण ती सदस्यत्वाच्या तारखेपासून सुरू होते.

देखरेख नसली की

नियम कडक असणे एक, आणि नियमांच्या आडून लूट होणे दुसरे. 'अॅलिएरा' या जॉर्जियातल्या नफेखोर कंपनीचे प्रकरण हे दुसऱ्या प्रकारचे. तिने २०१८ मध्ये 'ट्रिनिटी हेल्थशेअर' नावाची संस्था उभी केली. १९९९ पासून अखंड चालू असण्याची अट ती पूर्ण करूच शकत नव्हती, तरी हजारो लोकांना सदस्य करून घेतले गेले. अनेक राज्यांनी विक्री थांबवण्याचे हुकूम काढले. पुढे 'शॅरिटी मिनिस्ट्रीज' असे नाव धारण केलेली ही संस्था २०२१ च्या जुलैत दिवाळखोरीत गेली, वर्षअखेरीस अॅलिएराही. कोट्यवधी डॉलरची बिले सदस्यांच्या गळ्यात पडली. कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी २०२२ च्या दाव्यात आरोप केला, की सदस्यांच्या डॉलरमागे कधी कधी अवघे १६ सेंट उपचारांवर खर्च होत. बाजारातल्या वैयक्तिक विमा कंपनीला डॉलरमधले किमान ८० सेंट उपचारांवर खर्च करणे कायद्याने बंधनकारक आहे.

या एका प्रकरणावरून चाळीस वर्षे चाललेल्या संस्थांना त्याच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. पण त्यातून एक उणीव उघडी पडली. किती बिले आली, किती नाकारली, त्यांतली किती जुन्या आजाराच्या कारणाने, हे आकडे मागणारे कोणीच नव्हते. २०२२ मध्ये कोलोरॅडोने कायदा करून या योजनांना वार्षिक माहिती देणे भाग पाडले. योजनांनी कडक नियम ठेवावेत की नाही यावर वाद चालू शकतो. ते नियम किती जणांना भोवले हे लोकांना कळले पाहिजे, यावर वाद असण्याचे कारण दिसत नाही.

आपल्याकडून पाहताना

भारतातल्या वाचकाला हे सारे अगदी परके वाटणार नाही. आपल्याकडच्या वैयक्तिक मेडिक्लेममध्येही जुन्या आजाराला 'वेटिंग पिरियड' असतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने तो चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असेल तर लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही असा नियम केला. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणजे छातीत जड वाटल्याची ती जुनी ओळ आपल्याकडे पाच वर्षांनी निष्प्रभ होते. वरच्या पायऱ्यांच्या योजना आणि आपला मेडिक्लेम यांत तीन वर्षांचा हिशेब जवळपास सारखाच. आपल्याकडे ती मर्यादा नियामकाने घातलेली आहे आणि लोकपालाकडे दाद मागता येते, तिकडे संस्था नियम पुढच्या आवृत्तीत बदलू शकते.

उलट, नोकरीतल्या सामूहिक पॉलिसीत आपल्याकडे जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरला जातो, आणि आयुष्मान भारत योजनेत तर तशी अटच नाही. कारण उघड आहे. कारखान्यात कोणी आजारासाठी नोकरीला लागत नाही. जो गट आजाराखेरीज दुसऱ्या कारणाने जमलेला असतो, त्याला दारावर पहारा लागत नाही. अमेरिकेतही कंपन्यांच्या विम्यात हेच दिसते.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न दोन ठिकाणी भिडतो. एक, उन्हाळ्यात आई-वडील येतात तेव्हा. पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजाराच्या 'अचानक उसळी'चा खर्च देऊ असे लिहिलेले असते, पण उसळी कोणतीही पूर्वसूचना नसताना आलेली असावी आणि उपचार बहुधा २४ तासांच्या आत सुरू झालेले असावेत, अशी अट असते. नेहमीची शुगर तपासणी, औषधे त्यात येत नाहीत. दुसरे, आई-वडील ग्रीन कार्डावर कायमचे आले की. ६५ वर्षांवरच्या अशा नवागताला मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षे सलग तिथे राहावे लागते. त्या पाच वर्षांत कोणीतरी स्वस्त खर्चवाटप योजनेचे नाव सुचवतो. सत्तरीच्या, मधुमेह आणि बायपास झालेल्या वडिलांसाठी ती निवडणे म्हणजे ज्याची गरज आहे तेवढेच वगळून बाकी सारे घेणे. बाजारातला विमा त्यांनाही खुला आहे, आणि तो जुना आजार वगळू शकत नाही.

मग या योजना कोणासाठी

सगळे पाहून झाल्यावर मला वाटते, की या योजनांना सरसकट फसवेगिरी म्हणणे जितके चूक, तितकेच त्यांना विम्याचा स्वस्त पर्याय म्हणणे चूक. तिशीतले, निरोगी, अनुदान न मिळणारे, चार-सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असलेले आणि त्या संस्थेच्या श्रद्धेत मनापासून सहभागी असलेले कुटुंब तिथे रमू शकते, वेळप्रसंगी तिचे उपकृतही राहू शकते. ज्याच्या घरात एकही कायमची गोळी आहे त्याने महिन्याच्या रकमेची तुलना करण्याआधी त्या गोळीमागच्या आजाराचे पुढच्या तीन वर्षांत काय होईल याची तुलना करावी. अर्ज भरण्याआधी स्वतःच्या डॉक्टरकडून जुन्या नोंदी मागवून वाचाव्यात, आणि त्यांतल्या शंकास्पद ओळीबद्दल योजनेकडून लेखी उत्तर घ्यावे. ते लेखी द्यायला योजना तयार नसेल, तर तेच उत्तर समजावे.

धोरणाचा प्रश्न याहून मोठा आहे. निरोगी असताना वेगळे राहण्याची आणि आजारी पडल्यावर सर्वांच्या व्यवस्थेत येण्याची मुभा जितक्या लोकांना मिळेल, तितकी ती सर्वांची व्यवस्था महाग होत जाईल. मग जुना आजार असलेल्या माणसाला दोन्हीकडून भुर्दंड पडतो. खर्चवाटपाच्या दाराशी त्याला थांबवतात, आणि जिथे घेतात तिथे आत गेलेल्यांचा वाटाही तोच भरतो. अमेरिकेने या योजनांना दिलेली सूट श्रद्धेच्या स्वातंत्र्याच्या नावाने दिली होती. तिची किंमत कोण मोजते आहे, हे शोधण्यासाठी नाकारलेल्या बिलांचे आकडे प्रत्येक राज्याने मागितले पाहिजेत.